शूटचे शेवटचे फोटो उघडतच नाहीत, नावं दिसतात पण आत काहीच नाही – तीनदा फसल्यावर सापडलेलं कारण

मी लग्नाचे, बारशाचे, साखरपुड्याचे फोटो काढतो, सातारा भागात, बारा-तेरा वर्षं झाली. गेल्या सीझनला एकच भानगड तीनदा झाली आणि प्रत्येक वेळी मी कारण चुकीचं धरलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. कोणाला असंच होत असेल तर निदान तुमचा एक सीझन तरी वाचेल.

भानगड अशी, की शूटवरून घरी यायचं, कार्ड रीडरला लावायचं, फोल्डर उघडायचं, सगळ्या फाइल्स दिसतात, नंबर लायनीत, साइजपण बरोबर, प्रत्येक क्लिकच्या दोन फाइल्स, रॉ (सेन्सरचा कच्चा माल) 26-27 एमबी, जेपेग (तयार फोटो) 8-9 एमबी. पहिले आठ-नऊशे फोटो एकदम झकास. मग एक फोटो येतो ज्याचा वरचा अर्धा भाग बरोबर, नवरीचा मुकुट दिसतोय, मुंडावळ्या दिसतायत, आणि नाकाच्या खाली सगळा राखाडी पट्टा. आणि त्याच्यापुढची एकही फाइल उघडत नाही. थंबनेलच्या जागी नुसतं कोरं चित्र.

पहिल्यांदा झालं ते साखरपुड्यात. साठ-सत्तर फोटो गेले, नशीब म्हणजे शेवटी ग्रुप फोटोच होते आणि ते दुसऱ्या बॉडीवरपण, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यातपण होते, पार्टीला पत्ता लागला नाही. मी म्हटलं रीडर खराब झाला, जुना होता, नवीन आणला. पुढची तीन-चार छोटी कामं, एक बारसं, एक वाढदिवस, एक गृहप्रवेश, एकदम व्यवस्थित. म्हटलं चला, रीडरच होता.

दुसऱ्यांदा लग्नात झालं. दीडशेच्या वर गेले. आता नवीन रीडर, मग दोष कोणाचा? माझं कार्ड म्हणजे मायक्रो कार्ड, अडॅप्टरमध्ये घालून वापरायचं, तर म्हटलं अडॅप्टरचे कॉन्टॅक्ट गेले असतील. खोडरबराने घासले, अडॅप्टर बदलला, कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस मारला, आणि देवाला नमस्कार केला. परत छोटी कामं चांगली गेली.

तिसऱ्यांदा पाठवणी गेली. सकाळपासून 1240 क्लिक एकाच कार्डावर, अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी, विहिणीची पंगत सगळं आहे, आणि पंगतीत उखाणा घेताना नवरी लाजून हसते त्या फोटोच्या अर्ध्यात कार्ड थांबलेलं. त्याच्यापुढे काही नाही. आईच्या गळ्यात पडून रडणारी मुलगी मी माझ्या डोळ्याने स्क्रीनवर बघितली होती हो, तिथल्या तिथे, काढल्याबरोबर! मग ती गेली कुठं?

आता हाच प्रश्न मुळात महत्त्वाचा आहे आणि याच्यासाठी क्लिक केल्यावर आत काय काय होतं ते थोडं समजून घ्यावं लागेल, कंटाळा करू नका.

सेन्सरवर लाखो बारके खड्डे समजा, माझ्या बॉडीत 2 कोटी 40 लाख, म्हणजे 24 मेगापिक्सेल. शटर उघडं असेल तेवढा वेळ प्रत्येक खड्ड्यात उजेड पडतो आणि त्याचा चार्ज जमतो. हे खड्डे रंग ओळखत नाहीत, फक्त उजेड किती तेवढं मोजतात. रंगासाठी प्रत्येकावर लाल, हिरवी नाहीतर निळी बारकी काच असते, निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे (ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, 1976 चं पेटंट, आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात). मग जमलेल्या चार्जचा आकडा होतो, 14 बिट असेल तर 0 ते 16383 मधला कुठलातरी. हे नुसते आकडे म्हणजे रॉ. हिशोब करून बघा, 2 कोटी 40 लाख गुणिले 14 बिट म्हणजे 42 एमबी होतात, कॅमेरा दाबून-चेपून 26-27 वर आणतो. जेपेगमध्ये मात्र प्रत्येक पिक्सेलचे शेजारी बघून तिन्ही रंग भरले जातात, 16384 पायऱ्यांच्या 256 होतात, चित्राचे 8 बाय 8 चे चौकोन पडतात आणि डोळ्याला न दिसणारा तपशील टाकून दिला जातो. म्हणून ते 8-9 एमबीत बसतं.

जेपेग वरून खाली एकामागून एक लिहिलेलं असतं आणि उघडतानापण तसंच वाचलं जातं. मध्येच धागा तुटला की वाचणाऱ्याला पुढचं कळत नाही, बरेच व्ह्यूअर तिथून खाली राखाडी भरून टाकतात. अर्धी नवरी अर्धा राखाडी हे त्याच्यामुळे. म्हणजे राखाडी पट्टा दिसला की एक नक्की, सेन्सर आणि लेन्सचा काही संबंध नाही. उगाच बॉडी सर्व्हिसला टाकून हजार-दोन हजार घालवू नका.

आता हे सगळं झालेलं चित्र लगेच कार्डावर जात नाही. आधी कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत थांबतं, तिला बफर म्हणतात. अक्षता पडताना आपण बोट दाबून धरतो, दहा क्लिक जातात, एकेक 35 एमबी धरला रॉ आणि जेपेग मिळून, तर 350 एमबी झाले. कार्ड 30 एमबी सेकंदाला लिहीत असेल तर बारा सेकंद लागणार की नाही? तोवर कार्डावर लिहिणं चालू असल्याचा कॅमेऱ्यावरचा तो बारका लाइट पेटलेला असतो. 1975 साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला तेव्हा 100 बाय 100 चा एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर लिहायला 23 सेकंद लागायचे, त्यामानाने आपलं बरं चाललंय म्हणायचं.

आणि क्लिक केल्या केल्या स्क्रीनवर दोन सेकंद जो फोटो दिसतो ना, तो बफरमधला असतो! कार्डावरून वाचलेला नसतो. मी पाठवणी बघितली ती बफरमधली बघितली. कार्डावर काय उतरलं ते प्ले बटण दाबून मागे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही, आणि पाठवणीच्या गडबडीत कोण प्ले दाबतंय.

तर आता मूळ कारण. ते मला सापडलं नाही, भाच्याला सापडलं. तो बारावीला आहे, सीझनला माझ्याबरोबर लाइट धरायला येतो. त्याने तिन्ही वेळचे फोल्डर हार्डडिस्कवर शेजारी शेजारी उघडले आणि नुसते चांगले फोटो मोजले. पहिल्या वेळी 884 क्लिक चांगले, दुसऱ्या वेळी 897, तिसऱ्या वेळी 891. मग चांगल्या फाइल्स तेवढ्या सिलेक्ट करून साइज बघितली.

"मामा, तिन्ही वेळा गाडी 29 जीबीलाच थांबलीय."

"मग? कार्ड तर 128 चं आहे."

"कोण म्हणतं 128 चं आहे?"

मी म्हटलं त्याच्यावर छापलंय की रे. तो नुसता हसला.

कार्ड डुप्लिकेट होतं. ऑनलाइन सेलमध्ये घेतलेलं, नावाजलेल्या कंपनीचं नाव, पॅकिंग झकास, किंमत जवळजवळ निम्मी. आत चिप 32 जीबीची आणि कार्डाच्या कंट्रोलरला, म्हणजे आतल्या कारभाऱ्याला, सांगून ठेवलेलं की कोणी विचारलं तर 128 सांग. कॅमेरा विचारतो, कार्ड 128 सांगतं. कॉम्प्युटरपण विचारतो, त्यालाही 119 दाखवतं (हे मात्र फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज 1024 च्या, त्यामुळे खऱ्या 128 चं 119 आणि खऱ्या 32 चं 29.8 च दिसतं).

सातबाऱ्यावर चार एकर आणि प्रत्यक्षात जमीन एकच एकर, तसलाच प्रकार. कागद बघून तुम्ही पेरत गेलात, पहिलं एकर पिकलं, बाकीचं बियाणं हवेत. आणि कागद मात्र एकदम ओके, कारण कार्डावर फाइलींची यादी, कुठली फाइल कुठून कुठपर्यंत, ती सुरुवातीच्या भागात लिहिलेली असते, आणि तो भाग खरा आहे. म्हणून नावं दिसतात, साइज बरोबर दिसते, आत काही नाही. जिथं खरी जमीन संपते तिथल्या बांधावरची एकच फाइल अर्धी लिहिली जाते, तीच ती अर्धी राखाडी नवरी.

आणि छोटी कामं चांगली का जायची ते आता कळलं ना? बारशाला तीन-चारशे क्लिक होतात, 29 जीबी भरतच नाही. प्रत्येक कामानंतर मी फॉरमॅट मारायचो, परत पहिल्यापासून सुरू. रीडर बदलला तेव्हा बारसं आलं, अडॅप्टर बदलला तेव्हा वाढदिवस आला, म्हणून मला वाटत राहिलं की दुरुस्त झालं. छोट्या कामावर तपासणी करून काही कळतच नव्हतं, हीच खरी गोम.

तपासायचं कसं ते सांगतो. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं बारकं फुकट टूल आहे, लिनक्सवाल्यांसाठी आणि मॅकवाल्यांसाठी एफथ्री. कार्ड रिकामं करून लावायचं, टूल एकेक जीबीच्या फाइल्स लिहीत पूर्ण कार्ड भरतं आणि मग परत वाचून पडताळतं. वेळ लागतो, माझं रात्री लावलं ते सकाळी चहाच्या वेळी बघितलं, लिहिलं 119 आणि बरोबर वाचलं 29. बास. नवीन कार्ड आणलं की लग्नाला न्यायच्या आधी हे करायचंच, बिल पक्कं असो नाहीतर कच्चं, दुकानदार ओळखीचा असो नाहीतर सासऱ्याचा मित्र. तपासताना कार्ड पूर्ण भरायला पाहिजे, शंभर फोटो काढून बघितले याला तपासणी म्हणत नाहीत.

एक सांगायचं राहिलं, काही डुप्लिकेट कार्डं याच्या उलट वागतात, जागा संपली की परत पहिल्यापासून, जुन्या फोटोंवरच लिहायला लागतात. मग शेवटचं सगळं चांगलं आणि सकाळची हळद गायब. तेव्हा "शेवटचे फोटो जातात तरच डुप्लिकेट" असं डोक्यात धरू नका.

पण म्हणून प्रत्येक खराब फोटोला कार्ड डुप्लिकेट आहे असं म्हणूनपण चालणार नाही. कुठले फोटो गेले ते आधी बघायचं, दुरुस्ती नंतर. मधूनच इथला एक तिथला एक असे गेले असतील तर तेच कार्ड दोन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये दोनदा कॉपी करा आणि दोन्हीकडे तेच फोटो खराब आहेत का बघा. पहिल्या कॉपीत वेगळे आणि दुसऱ्या कॉपीत वेगळे गेले असतील तर कार्डावर माल चांगला आहे आणि वाटेत सांडतोय, रीडर, केबल, यूएसबी हब नाहीतर कॉम्प्युटरचा पुढचा पोर्ट. रीडर मागच्या पोर्टला थेट लावा, बऱ्याचदा तेवढ्यावर मिटतं. हजार फोटो डोळ्याने ताडून बघत बसू नका, कॉम्प्युटरवर सेव्हन झिप हे सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर दोन्ही फोल्डरवर राइट क्लिक करून सीआरसी, म्हणजे आतल्या मालावरून निघणारा ताळ्याचा आकडा, काढा, आकडा एकच आला तर दोन्ही कॉप्या सेम.

दोन्ही कॉपीत तेच फोटो त्याच जागी खराब असतील तर ते कार्डावरच खराब आहेत. कार्डाच्या चिपमधली जागा लिहून पुसून झिजते, कंट्रोलर झिजलेल्या जागा चुकवत राहतो, पण कधीतरी त्याच्याही हाताबाहेर जातं. असं कार्ड लगेच रिटायर करा, फॉरमॅट मारून ते तरुण होत नाही.

फक्त शेवटचा एकच फोटो गेला असेल तर बहुतेक आपलीच घाई. लाइट पेटलेला असताना बॅटरी काढली, नाहीतर दार उघडून कार्ड ओढलं. माझ्या हाताखालच्या पोरांना मी एवढंच सांगतो की लाइट विझेपर्यंत दाराला हात लावायचा नाही, मग नवरदेव घोड्यावरून पडला तरी चालेल.

आणि कार्ड लावल्यावर "फॉरमॅट करायचं का" असा बॉक्स आला तर नाही म्हणा! घाबरून हो म्हणू नका. याच्यात बऱ्याचदा फक्त सातबारा फाटलेला असतो, जमीन आणि पीक जागेवर असतं. त्या कार्डावर पुढे एकही क्लिक न करता बाजूला काढा आणि फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते यादी बघतच नाही, सरळ शेतात उतरून जेपेगच्या सुरुवातीची खूण शोधत जातं आणि फाइल उचलून आणतं. नावं जातात पण फोटो येतात. वाचवलेल्या फाइल्स त्याच कार्डावर सेव्ह करू नका, हार्डडिस्कवर करा, नाहीतर वाचवता वाचवता बुडवाल. विंडोजचं चेकडिस्क मात्र आधी चालवू नका, ते यादी सरळ करण्याच्या नादात फाइलींचे तुकडे करून वेगळ्याच फोल्डरमध्ये टाकतं, माझ्या एका मित्राचं रिसेप्शन तसं तुकड्यात मिळालं.

माझ्या पाठवणीला फोटोरेकचा काही उपयोग झाला नाही. पुण्यात एका रिकव्हरीवाल्यालापण दाखवलं, त्याने पाच मिनिटांत कार्ड परत दिलं आणि पैसेपण घेतले नाहीत. जिथं जमीनच नाही तिथं पीक कुठून येणार.

बाकी किरकोळ गोष्टी. "फोटो गायब झाले" म्हणून मला येणाऱ्या फोनपैकी बऱ्याच वेळा काहीच गेलेलं नसतं. फाइलचा नंबर 9999 ला पोचला की परत 0001 येतो आणि डीसीआयएमच्या (कार्डावरचा फोटोंचा मुख्य फोल्डर) आत नवीन फोल्डर उघडतो, 100 च्या शेजारी 101. लोक पहिलाच फोल्डर कॉपी करतात आणि रडत बसतात. कार्डाच्या बाजूची लॉकची बारकी पट्टी ढिली झाली तर कॅमेरा लिहायचं नाही म्हणतो, तिथं कार्ड बदला, सेलोटेप लावत बसू नका, टेप आत अडकली की स्लॉट जातो. व्हिडिओ मध्येच बंद पडत असेल तर कार्ड स्लो आहे, यूच्या आत 3 किंवा व्ही 30 लिहिलेलं बघा, म्हणजे सेकंदाला कमीत कमी 30 एमबी लिहिण्याची हमी. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. फॉरमॅट कॅमेऱ्यातच मारा. आणि बॉडीला दोन स्लॉट असतील तर दुसरा ओव्हरफ्लोला (पहिलं कार्ड भरलं की दुसरं) ठेवू नका, बॅकअपला ठेवा, दोन्हीकडे एकच फोटो. कार्डाचा खर्च दुप्पट होतो, मान्य आहे, पण मुलीच्या बापाला फोन लावायचा खर्च मी करून बघितलाय.

तो फोनपण सांगून टाकतो. मी म्हटलं काका, एक प्रॉब्लेम झालाय. ते काही ओरडले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पाठवणीचे नाहीत का? बरं. मी तसाही तेव्हा मांडवाच्या मागेच जाऊन उभा राहिलो होतो." पैसे निम्मेच घेतले मी. पाहुण्यांपैकी ज्यांनी ज्यांनी मोबाईलवर काढले होते त्यांच्याकडून मागून मागून चाळीसेक फोटो जमवले, व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून न घेता डॉक्युमेंट म्हणून मागवले म्हणजे साइज मार खात नाही, आणि त्यातले सहा अल्बमला लागले.

काही जण सांगतात की डुप्लिकेट कार्डाचं 29 जीबीचं पार्टिशन पाडायचं आणि 32 चं म्हणून वापरायचं. करून बघितलं. कॉम्प्युटरवर चालतं, पण कॅमेऱ्यात एकदा फॉरमॅट मारलं की कॅमेरा परत कार्डाला विचारतो, कार्ड परत 128 सांगतं, आणि आपण परत पहिल्या जागेवर. ते कार्ड आता आईच्या भजनाच्या स्पीकरमध्ये आहे. दोन जीबी भरलंय, काही अडचण नाही.